सगळं घर पाय दाखवून आलं: स्पोर्ट्स फिजिओच्या फूट असेसमेंटचा रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते, ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी. तपासणी पाचपैकी साडेचार, इनसोल (बुटात घालायची गादी) गळ्यात मारायची पद्धत पाचपैकी एक, पार्किंग शून्य.

क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कोणाशी भांडण नकोय, आणि तसंही पुण्यात आता अशी तपासणी करणारे बऱ्यापैकी झालेत, त्यामुळे नावापेक्षा तिथे नेमकं काय करतात आणि पैसे कशाचे घेतात हे कळलेलं बरं. आमच्या घरात चार जण चार वेगळे खेळ खेळतात आणि चौघांचंही काही ना काही दुखत होतं. मी पळते, नवरा टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो आणि स्वतःला फास्ट बॉलर समजतो, लेक बॅडमिंटन अकॅडमीत जाते, आणि भाचा सांगलीहून इकडे कॉलेजला आलाय तो कबड्डीवाला. चौघांचे मिळून सहा हजार लागले, माणशी दीड हजार. महाग वाटतंय ना, मलाही वाटलं होतं, पण बूट घ्यायला गेलं की एका जोडीला त्याहून जास्त जातात आणि तिथे दुकानदार फक्त "कितवा नंबर?" एवढंच विचारतो.

इथे पहिला अर्धा-पाऊण तास पायाला हातच लावला नाही. फिजिओ मॅडम तिशीच्या असतील, स्वतः हॉकी खेळलेल्या, त्यांनी नुसते प्रश्न विचारले. कुठला खेळ, कुठल्या हाताने खेळता, कुठल्या पायावर उतरता, खाली काय असतं, माती, मॅट, सिमेंट की टर्फ. आठवड्याला किती, आणि गेल्या महिन्या-दीड महिन्यात काय बदललं. हा शेवटचा प्रश्न त्या प्रत्येकाला दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दात विचारत होत्या. मला तर पाळी नियमित आहे का, मध्ये वजन उतरवायला जेवण कमी केलंय का, हे पण विचारलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, ताई, पळणाऱ्या बायकांचं खाणं कमी पडलं आणि पाळी बंद झाली की हाडं कमकुवत होतात, मग पायाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि सगळे बुटाला दोष देत बसतात. इतकी वर्षं पळतेय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग जुने बूट बघितले, तळ कुठे झिजलाय ते. मग अनवाणी एका प्लेटवर उभं केलं, स्क्रीनवर तळव्याचं लाल-पिवळं-निळं चित्र येतं, दिसायला भारी आहे पण त्यावरून फार काही ठरत नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या. खरी मजा नंतरच्या साध्या टेस्टमध्ये होती ज्याला मशीनच लागत नाही. भिंतीपासून पाय थोडा मागे ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटर लांब असताना जमलं तर घोटा चांगला वाकतोय. मला जमलं, लेकीला आरामात जमलं, नवऱ्याची टाच आधीच वर. मग एका पायावर उभं राहून टाचा उचलायच्या, पंचवीसच्या आसपास तरी व्हाव्यात म्हणे. माझा उजवा पाय पोचला, डाव्याची पोटरी निम्म्यातच थरथरायला लागली, आणि दुखत कुठली टाच होती तर डावीच.

माझं दुखणं म्हणजे सकाळी उठल्यावरची पहिली चार पावलं. नंतर मोकळं होतं, म्हणून मी दुर्लक्ष करत होते. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पडदा असतो, प्लांटार फॅशिया, तो बाजेच्या सुतळीसारखा ताणलेला असतो आणि रात्रभर आराम झाल्यावर सकाळी एकदम वजन आलं की टाचेपाशी चमक मारते. पळताना दर पावलाला जमिनीकडून वजनाच्या अडीच-तीन पट धक्का येतो हे मला ऐकून माहीत होतं, पण टाचेच्या मागच्या ॲकिलीस शिरेवर सहा ते आठ पट ताण येतो हे नव्हतं माहीत. आणि हाफ मॅरेथॉनमध्ये वीस हजारांच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे पळण्यात एकेक धक्का काही फार मोठा नसतो, तो परत परत त्याच जागी बसतो हीच सगळी भानगड. त्यात मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते. तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. चढाला पोटरी आणि ॲकिलीस कामाला लागतात, उताराला मांड्या आणि गुडघे, कारण उतरताना शरीर सारखं ब्रेक मारत असतं. मी चढाची प्रॅक्टिस म्हणून एकदम घाट सुरू केला होता, तेच ते "काय बदललं" चं उत्तर निघालं.

सिंहगड रविवारी चढून येणाऱ्या मंडळींना पण हेच लागू आहे. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची वाटी कुरकुरते ती आतकरवाडीकडे उतरताना, आणि बुटाची नाडी सैल असेल तर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं ते वेगळंच.

आता आमच्या फास्ट बॉलरबद्दल. त्याचा डावा घोटा मागच्या बाजूने दुखत होता आणि त्याचं म्हणणं मी तर उजव्या हाताने टाकतो, डाव्याचा काय संबंध. मॅडम हसल्या. उजव्या हाताच्या बॉलरचा पुढे आपटणारा पाय डावाच की हो काका. (काका ऐकून तो जो गप्प झाला!) खऱ्या फास्ट बॉलरच्या त्या पुढच्या पायावर एका उतरण्यात वजनाच्या पाच-सहा पट आणि कधी त्याहूनही जास्त लोड येतो, आणि पाऊल एकदम सपाट आपटताना घोट्याच्या मागच्या फटीत हाडं आणि मऊ भाग चिमटला जातो. आमच्याकडे तेवढा स्पीड नाही हे मी आवर्जून सांगितलं. पण त्या म्हणाल्या स्पीड कमी असला तरी वजन जास्त आहे ना, आणि टर्फच्या हिरव्या कार्पेटखाली बऱ्याच ठिकाणी काँक्रीट असतं, शिवाय आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी रात्री एकदम तीन मॅच. वॉर्मअप म्हणजे चहा.

क्रिकेट म्हणजे पाय सेफ असं आपल्याला उगाच वाटतं, कारण दिवसभर उभंच राहायचं असतं. मोहम्मद शमीला २०२३ च्या वर्ल्डकपनंतर ॲकिलीसचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि भारताकडून परत खेळायला जानेवारी २०२५ उजाडला. त्याच वर्ल्डकपमध्ये आपल्या गहुंजेला बांगलादेशविरुद्ध हार्दिक पांड्या स्वतःच्याच बॉलिंगवर चेंडू पायाने अडवायला गेला, घोटा गेला, आणि पुढचा सगळा वर्ल्डकप हुकला. नवरा त्या मॅचला स्टेडियममध्ये होता. तरी शनिवारी तो पण बॉल पायानेच अडवतो.

लेकीचं मात्र मला खरंच टेन्शन आलेलं. बारा वर्षांची आहे, प्रॅक्टिस झाली की दोन्ही टाचा दुखतात, लंगडत घरी यायची. सर म्हणायचे चालायचंच, वाढतं वय आहे. मॅडमनी टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटात धरून नुसती दाबली, ती कळवळलीच. याला सेव्हर्स म्हणतात. या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून मऊ असतो, हाड भराभर वाढतं, पोटरी मागे पडते, आणि ॲकिलीस त्या मऊ भागाला सारखी ओढत राहते. वाढ पूर्ण झाली की आपोआप जातं, कायमचं नुकसान होत नाही. म्हणजे सर "वाढतं वय" म्हणाले ते बरोबरच, पण म्हणून त्याच जोरात खेळवत राहायचं हे नाही बरोबर. काही आठवडे उड्या कमी, टाचेखाली मऊ हील कप, पोटरीचा व्यायाम, आणि दुखणं सहन होईल इतपतच खेळ. खेळ बंद करायला सांगितला नाही याचा तिला झालेला आनंद बघण्यासारखा होता. अशीच ओढाताण गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावरही होते, उड्या मारणाऱ्या मुलांना तिथे टेंगूळ येतं, ते पण दाखवून ठेवलं.

बॅडमिंटन पायांना किती महागात पडतं हे मला तिथेच कळलं. आपण बघतो हात, स्मॅश वगैरे. पण उजव्या हाताचा प्लेअर नेटपाशी ड्रॉप घ्यायला जातो तेव्हा उजवा पाय लांब टाकून टाचेवर उतरतो आणि तिथेच थांबून उलटा मागे यायचं असतं. हे एका गेममध्ये कितीतरी वेळा, आणि बहुतेक वेळा त्याच पायावर. मागच्या कोपऱ्यात उडी मारून शॉट मारला की उतरताना डाव्या पायाची ॲकिलीस ताणली जाते. सोसायटीच्या क्लबात चाळिशी-पन्नाशीचे काका मागे पळताना एकदम थांबून "मागून कोणी लाथ मारली?" म्हणून वळून बघतात आणि मागे कोणीच नसतं, ती शीर तुटलेली असते. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललंच नाही तर समजा, थेट ऑर्थोपेडिककडे. हे वाचणाऱ्या सगळ्या काकांनी लक्षात ठेवा.

आणि सिंधूचं तर सगळ्यांना माहितीये, २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थचं गोल्ड जिंकली आणि मग कळलं डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. हे फ्रॅक्चर पडून-बिडून होत नाही, हाडाची झीज भरून यायच्या आत परत लोड येत राहिला की बारीक चीर जाते. घरी ओळखायची एक ढोबळ खूण सांगितली ती कामाची आहे. नडगीच्या आतल्या कडेला चांगलं वीतभर दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीला आलेला ताण, चीर नाही, पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल तर खेळ थांबवून डॉक्टर गाठा. सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, तिथे एमआरआय लागतो.

लेकीच्या बुटावरून मॅडमनी मला सरळ झापलं. एक म्हणजे ती रनिंग शूजवर खेळत होती. रनिंग शूज पुढे पळायला बनवलेले, टाच जाड, मऊ आणि उंच, बाजूला झेपावलं की पाऊल कलंडून घोटा मुरगळायची भीती. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ सपाट असतो, जमिनीला लागून, बाजूंनी घट्ट, आणि खाली तो ग्रिपवाला गम सोल. दुसरं म्हणजे आपली खास मराठी सवय, वाढत्या मापाचे बूट. पुढच्या वर्षीही येतील म्हणून एक नंबर मोठा. पाय टाकून थांबलं की आत पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा आपटतो. हाताच्या अंगठ्याभराची जागा पुढे हवी, पण टाच घट्ट बसली पाहिजे, आणि बूट घ्यायला संध्याकाळी जायचं कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या वेळी पुढे कापूस कोंबायचो.

भाच्याचा किस्सा थोडक्यात, कारण तो स्वतःच थोडक्यात बोलतो. उजवा घोटा परत परत मुरगळतो. गावाकडे मातीवर खेळायचा, इथे मॅटवर, बूट घालून. तोच म्हणाला, "मावशी, मातीवर पाय जरा घसरतो, मॅटवर लय चिकटून बसतो, आन् वरचं अंग फिरतंय." मॅडमनी याच्यावर मान डोलावली. पाऊल जितकं पक्कं रुततं तितका पिळा वर गुडघ्याकडे जातो. त्यात कबड्डीत समोरचा घोटाच धरतो, आपण ओढून सुटायला बघतो आणि वरून अजून चार जण पडतात. त्याला डोळे मिटून उजव्या पायावर उभा केला तर पाच सेकंदात पाय खाली. एवढा दांडगा पोरगा! एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळतो त्यामागचं एक मोठं कारण हे, लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, सैल होते ते आहेच पण पाऊल कुठे आहे ते मेंदूला नीट कळेनासं होतं, आणि ते बॅलन्सच्या व्यायामाने परत शिकवता येतं. फुकटातला व्यायाम, दात घासताना एका पायावर उभं राहा. आणि ताकीद दिली की पिळा पडताना गुडघ्यात "टक्" आवाज आला आणि तास-दोन तासात गुडघा सुजला तर मसाज, लेप काही नाही, आधी दाखवायचं, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली लिगामेंट, तुटलेली असू शकते. घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की दुखत असेल तर एक्स-रे. गावात याच्या दोस्तांच्या पायावर आंबेहळदीचा लेप लावून तसंच मैदानात उतरवतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

पोहणं आणि सायकलचं पण मी विचारून घेतलं, माझं पळणं बंद झालं तर काय करू म्हणून. पोहण्यात पायाला धक्का जवळजवळ नाहीच, फक्त ब्रेस्टस्ट्रोकने, म्हणजे बेडकासारखे पाय मारून, काहींचा गुडघा आतून दुखतो. सायकलला धक्का नाही पण सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी बोंबलते आणि बूट फार घट्ट असला की चवड्याला मुंग्या.

आता तक्रारी. तपासणी संपल्यावर मॅडम आत गेल्या आणि रिसेप्शनवरच्या मुलाने चौघांनाही मापाच्या इनसोलचं कोटेशन दिलं, साडेचार हजार जोडी. चौघांनाही! कबड्डीवाल्यालाही! मॅडमच्या रिपोर्टमध्ये तर फक्त लेकीच्या हील कपचा उल्लेख होता. तो मुलगा सांगत होता तुमची कमान सपाट आहे, पाय आत वळतो, पुढे गुडघे जातील. ही कमानीची भीती दाखवणं आता जुनं झालं. अमेरिकन सैन्याने नव्या भरतीच्या हजारो जवानांना तळव्याच्या कमानीप्रमाणे निवडून बूट देऊन बघितले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. आणि टाचदुखीसाठी मापाने बनवलेल्या आणि दुकानातल्या तयार इनसोलमध्ये फारसा फरक आढळलेला नाही. कुणाला खरंच गरज असेलही, मी नाही म्हणत नाही, पण ते तपासणाऱ्याने सांगावं, बिल करणाऱ्याने नाही. मी नको म्हटल्यावर "मग रिपोर्ट मेल करतो" म्हणाला आणि तो मेल दोनदा फोन केल्याशिवाय आला नाही.

रिपोर्ट पण इंग्रजीत आणि सगळा शॉर्टफॉर्ममध्ये. भाच्याच्या आईला म्हणजे माझ्या बहिणीला मीच फोनवर समजावून सांगत बसले. मराठीत एक पान द्यायला काय जातं? वेळेचं म्हणाल तर साडेपाचची अपॉइंटमेंट, आत घेतलं सव्वासहाला, वेटिंगला चार खुर्च्या आणि तिथे लंगडणारे आठ लोक.

व्यायाम मात्र एकदम मोजके दिलेत, हे आवडलं. मला पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहून टाच हळूहळू वर-खाली, पोटरीची ताकद वाढवायला, कमीत कमी बारा आठवडे. कंटाळवाणं आहे, जिन्यात करताना शेजारच्या काकू रोज विचारतात कोणाची वाट बघताय. पण सकाळची चमक आता बरीच कमी झालीये, आणि घाटाची प्रॅक्टिस आठवड्यात एकदाच, ती पण अर्ध्यापर्यंत. नवऱ्याला मॅचच्या आधी दहा मिनिटं वॉर्मअप आणि ओव्हर मोजून टाकायला सांगितल्यात, त्यातलं ओव्हर मोजणं तो करतो. लेकीला हील कपने फरक पडलाय. भाचा दात घासताना एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या पायाने बेसिनखालची बादली ढकलतो.

कोणी जावं? एकच जागा सारखी दुखतेय, खेळ बदलणार आहात, किंवा मुलांची टाच-गुडघा दुखतोय, तर नक्की जा. नुसतं कुतूहल म्हणून दीड हजार घालवू नका, भिंतीची आणि टाच उचलायची टेस्ट घरी करून बघा. जाताना हाफ पँट घाला, शनिवार टाळा, गाडी गल्लीच्या बाहेर लावा. रोजचे खेळायचे जुने बूट बरोबर न्या, आणि न धुता न्या, मी धुऊन नेले तर मॅडम म्हणाल्या घाण कुठे लागते ते पण बघायचं होतं.